राजा इलुशारचा विजयस्तंभ

४ फेब्रुवारी
पोहोचले आखातात! हवा नाशिकच्या थंडीसारखी गोड. फरीज बिन ओमरान वस्तीत मैत्रीण रुचाच्या फ्लॅटवर खोली मिळाली, खाली करक म्हणजे कडक दुधाळ चहाचं दुकान. कॉन्ट्रॅक्ट तीन महिन्यांचं. उम्म सलाल मोहम्मद गावातल्या एका खासगी संग्रहालयात राजा इलुशारचं प्रदर्शन आहे. त्याची हिंदी ऑडिओ गाइड लिहायची आणि आवाजही माझाच. तीन हजार वर्षांपूर्वीचा योद्धा. बावीस शहरं जिंकली म्हणे.

६ फेब्रुवारी
आज त्याचा विजयस्तंभ पाहिला. काळा दगड, पुरुषभर उंच, खिळ्यांसारख्या अक्षरांनी भरलेला. आमची लिपितज्ज्ञ जैतून, हैदराबादची, एकेक ओळ वाचून अर्थ सांगत होती. सोळाव्या वर्षी सख्ख्या भावाला मारून गादी. मग दरवर्षी एक शहर. धान्य जाळलं, विहिरी बुजवल्या, हसणाऱ्यांच्या जिभा कापून वेशीवर टांगल्या. आणि दर शहरानंतर पालुपद: 'माझ्यासारखा कोण?' अरे, गल्लीतला दादा परवडला! स्वतःची पाठ थोपटून घ्यायला दगड लागतो ह्याला. गाइडमध्ये मी त्याची बढाई जशीच्या तशी ठेवली, फक्त मधेमधे टोमण्यांच्या टाचण्या टोचल्या. लाइटिंगचं काम बघणारे श्यामराव, मूळचे परभणीचे, रेकॉर्डिंग ऐकून पोट धरून हसले. "ताई, ह्या बाबाला आमच्या गावात कुणी सरपंचबी केला नसता!"

९ फेब्रुवारी
श्यामरावांचा आवाज गेला. डॉक्टर म्हणतात, घसा अगदी ठीक आहे. जैतूनने स्तंभाच्या तळाशी एक ओळ दाखवली. सहा तारखेला काढलेल्या फोटोत ती नाही. 'तेविसावा, दिवे लावणारा. त्याची वाचा मी घेतली.' कुणाची तरी थट्टा. तीही हलकी.

१२ फेब्रुवारी
रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. आवाज माझा, शब्द माझे नाहीत. 'मी बावीस शहरं जाळली.' एकही टाचणी नाही. तीनदा नव्याने रेकॉर्ड केलं. तीनदा तेच.

१४ फेब्रुवारी
श्यामराव स्तंभापुढे गुडघे टेकून बसले होते. उठले आणि बोलू लागले. पण ते परभणीचं बोलणं नव्हे. संथ, छापील, नुसतं राजाचं गुणगान. मुलीचा फोन आला, तिलाही तेच ऐकवलं. पलीकडे ती रडत होती.

१५ फेब्रुवारी
सकाळी रुचाला हाक मारायला गेले— आवाज नाही.
जैतून विनवते, एकदाच मान झुकव, खलास. ती स्वतः झुकून आली आहे. बोलताना माझ्याकडे बघत नाही.

१६ फेब्रुवारी
हॉल रिकामा. स्पीकरची वायर काढलेली. तरी माझाच आवाज मला हाक मारतोय. उल्का, झुक. उल्का—
दगडावर तेविसाव्याच्या ओळीखाली चोविसावीची ओळ. अर्धी कोरलेली.

१७ फेब्रुवारी
आईचा फोन वाजतोय. पाचव्यांदा.
झुकले तर बोलता येईल. पण आईशी बोलेल कोण? तो.
त्यापेक्षा मुकी बरी.
हात अजून माझा आहे, तोवर लिहिते. इलुशार, बावीस शहरं जिंकलीस, आणि आपणहून तुझ्याशी बोलणारं एक माणूस मिळालं नाही तुला. म्हणून चोरतोस. भुरटा चोर—
बोटं वळेनात. पेन तो ओढ—
नाही. ऐक. तू कुणाचाच रा