नकाशावरचं विमान

आई,

रात्रभर तू फोनच्या नकाशावर जे विमान बघत होतीस, त्यात अश्विनदादा नाही. पहाटे त्याचा मला फोन आला. तो विमानतळावरूनच घरी परत गेला. बाबांना नळ्या लावलेलं बघवणार नाही म्हणाला. तुझा नुकताच डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही.

लंडन ते मुंबई सात हजार दोनशे किलोमीटर, म्हणजे नऊ तास. पुढे नाशिकपर्यंत चार. तेवढ्यासाठीच डॉक्टरांनी बाबांचं मशीन चालू ठेवलंय. मी हॉस्पिटलमध्ये जाते. मशीन बंद करायची सही तू आल्याशिवाय करणार नाही.

पोहे झाकून ठेवलेत, खाऊन निघ. विमान साडेदहाला उतरेल. ते बघत थांबू नकोस.

संजना