नाल्यातल्या स्वच्छ काचा

ता. ११ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. घरी सर्व ठीक. आईचा गुडघा आणि बाबांचा आवाज, दोन्ही पूर्ववत.

घरामागच्या नाल्यात काचेच्या पट्ट्यांची चौकट बांधून तू वसतिगृहावर गेलीस आणि जाताना बजावलंस, की नीट लक्ष ठेव, तुझी सगळी पीएच.डी. या काचांवर आहे. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. रोज कामावरून आलो की गमबूट घालून खाली उतरतो आणि गाठी तपासतो. चौकट जागच्या जागी आहे. पाण्याचा वासही कमी झाला आहे. पण काचांवर सारखा हिरवट, बुळबुळीत थर धरतो. मी नववी नापास असलो, तरी चष्म्याच्या दुकानात काचा पुसण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. म्हणून रोज एकेक पट्टी मऊ फडक्याने लखलखीत करून परत लावतो. एकही ओरखडा नाही. तुझे सर बघतील तेव्हा तुझी मान खाली जाणार नाही.

आई विचारते, की इंजिनिअर, रसायनवाले, किडे मोजणारे आणि समाजशास्त्रवाले मिळून तुम्हाला एकच नाला शिकवतात, तर डॉक्टर झाल्यावर तू त्याची नाडी बघणार का? उत्तर कळव, शेजारी तिला खोदून विचारतात.

लोभ आहेच. काचांइतकाच मी तोही जपतो.

तुझा भाऊ

ता. १५ जानेवारी

चि. काळजीवाहूस,

अनेक आशीर्वाद. ते देताना दातओठ खाते आहे.

आधी फडकं खाली ठेव, मग पुढे वाच.

तो बुळबुळीत थर हीच माझी पीएच.डी. आहे रे! शहराच्या वरच्या अंगाला सांडपाणी शुद्ध करायला लागले, तर आता नाल्यात पुन्हा जीव धरतो का, हे त्या थरावरून बघायचं होतं. आधी शेवाळ, मग ते खाणारे किडे, आणि सगळं खरंच सुधारलं तर गोगलगाय. तू रोज संध्याकाळी ते पुसून टाकलंस.

येत्या मंगळवारी चार मार्गदर्शकांपुढे वर्षाचं काम मांडायचं आहे. दाखवायला काही नसेल तर मला नारळ मिळणार. खोलीतली मैत्रीण पाण्याच्या कायद्यावर काम करते. तिचं मत, की तुझ्यावर खटला भरता येईल, पण जिंकता येणार नाही. तेही खरंच. लक्ष ठेव म्हणाले, हात लावू नकोस म्हणायचं राहिलं. तेसुद्धा तुला जन्मापासून ओळखत असताना!

बाबांना सांगू नकोस. आईला सांग, पेशंटच गेला.

लोभ आहे, सध्या जरा दमलेला.

ताई

ता. १९ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. इतकंच लिहितो, वि. वि. लिहायची हिंमत नाही.

पत्र वाचून तसाच कामावर गेलो. दुकानात एका आजोबांना चुकून दुसऱ्याच बाईंचा चष्मा दिला. त्यांना तो छान लागला, ते सोड. बाबांना मी काही बोललो नाही, पण माझं तोंड बघून त्यांनी सगळं काढून घेतलं. आधी ओरडले, मग ठसका लागेपर्यंत हसले. म्हणाले, ताईने लहानपणी याला चिखलात लोळवलं असतं, तर आज ही वेळ आली नसती.

मी तुझ्या सरांना स्वतः येऊन सांगू का, की तुझा दोष नाही? शर्टाला इस्त्री करून ठेवली आहे. फडकं आईने कपाटात कुलूप लावून ठेवलं आहे.

आधी माफी मिळावी, लोभाचं मागाहून बघू.

भाऊ

ता. २३ जानेवारी

चि. काळजीवाहूस,

अनेक आशीर्वाद, या वेळी मोकळ्या मनाने.

मंगळवारी सगळं खरं सांगून टाकलं. इंजिनिअर सरांनी कपाळावर हात मारला. रसायनाच्या बाईंनी साबण लावला होता का, एवढंच विचारलं. मी नाही म्हणाले. (नव्हता ना? नाहीच म्हण.) समाजशास्त्राच्या बाई मात्र फळ्यावरचं माझं नाल्याचं चित्र बघत बसल्या. त्यात पाणी होतं, शेवाळ होतं, किडे होते. त्यांनी विचारलं, की काठावरची माणसं कुठे आहेत? मी पुन्हा किड्यांकडेच बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, शहरातल्या नाल्यात फडकं घेतलेला भाऊही असतो, आणि तो चित्रात घ्यायचा नसेल तर तुला शिकवायला आम्ही चौघं कशाला, एक पुरला असता. त्यावर इंजिनिअर सर हसले, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

मार्चअखेरपर्यंत मुदत मिळाली आहे. तेव्हाही काचा कोऱ्या निघाल्या, तर मात्र सामान बांधून घरी. चित्रात तुला काढलं आहे, गमबुटांसकट. तुझं काम एवढंच, की बघायचं आणि काही करायचं नाही. जमेल का रे?

लोभ पूर्ववत, आईच्या गुडघ्यासारखा.

ताई

ता. ८ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

काही न करणं हे फार कष्टाचं काम आहे. रोज खिशात हात घालून काठावर उभा राहतो. काचा दिसतच नाहीत, नुसती हिरवी गोधडी झाली आहे. शेजारच्या शिवणकामवाल्या काकू टोमणे मारतात, की हल्ली आळशी झालास. परवा त्या स्वतःच ब्रश घेऊन उतरल्या. मी त्यांना आडवा गेलो, गमबुटात पाणी गेलं. त्यांनाही चित्रात घे.

आता मुख्य गोष्ट. आज एका काचेवर नखाएवढी गोगलगाय दिसली. मी आईबाबांना हाका मारल्या. बाबा चक्क हळू आवाजात बोलले, तिला दचकवायला नको म्हणून. आईने कळवायला सांगितलं आहे, की नाडी लागली.

ती शेवाळ खात वर चढते आणि तिच्यामागे काच स्वच्छ होत जाते. तिला पुसायची परवानगी आहे असं मी धरून चालतो. हात चांगला आहे तिचा, घाई नाही, ओरखडा नाही. कोपरे मात्र सोडते. मी काही बोललो नाही.

लोभ तिच्याच चालीने वाढू दे.

तुझा भाऊ