दहापैकी आठ

१ फेब्रुवारी, रविवार

मोजली! नव्या घरातली खिडकीची भिंत — नऊ फूट चार इंच. टेपचं एक टोक ह्यांनी धरलं, दुसरं मी. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जन्मभर नकाशे काढलेला माणूस, माप चुकायचं नाही. त्या भिंतीला एकतर माझं टेबल लागेल, नाहीतर ह्यांचे ते जुने दोघे स्पीकर. स्पीकर म्हणे कोपऱ्यापासून दोन फूट लांब हवेत आणि मधे काही म्हणता काही नको. हे सगळं कागदावर रेघा मारून सिद्ध केलं. मग माझ्याकडे असं बघितलं, जणू टेबल आपणहून उठून चालू लागेल!

मी म्हटलं, "छापखान्याची मुद्रितं तपासायला उजेड लागतो. खोक्यांना कशाला हवाय उजेड?"

"खोकी नाहीत ती."

संपलं. येताना बसमध्ये आपापल्या खिडक्यांतून बाहेर बघत आलो.

३ फेब्रुवारी, मंगळवार

अबोला. चहापुरती वाक्यं. "ठेवलाय." "घेतला."

५ फेब्रुवारी, गुरुवार

कंपनीने ह्यांच्या स्पीकरची ही मालिका बंद केली त्याला सव्वीस वर्षं झाली. का बंद केली? ह्यांच्या मते जगाचे कान बिघडले म्हणून. माझ्या मते उचलणाऱ्यांच्या पाठी बिघडल्या म्हणून. एकेक नग कमरेपर्यंत उंच, आणि वजन — जाऊ दे.

चार मापांत निघाले होते. आमचे तिसऱ्या मापाचे. चौथ्या मापाचा मालक भेटला की हे उठून उभे राहतात. दुसऱ्या मापाचा भेटला की त्याला बसायला सांगतात — प्रेमानेच, पण जरा वरून.

मी त्यांना जावई म्हणते. हॉलमधली मोक्याची जागा अडवून बसलेत, सरका म्हणायची सोय नाही, रोज पुसायचं, कौतुक करायचं, आणि एखाद्याचा घसा बसला की घर हवालदिल!

आज मुलीने नव्या घरासाठी छोटे स्पीकर पाठवले. चहाच्या डब्याएवढे. पुस्तकांच्या फळीवर सहज मावतील. ह्यांनी एक तळहातावर घेतला, तोलला आणि म्हणाले, "गोड आहे." लोकांच्या कुरूप बाळाला म्हणतात ना, अगदी तसं.

८ फेब्रुवारी, रविवार

कानसेन मंडळ जमलं होतं. मंडळ म्हणजे हे, दंतवैद्य आणि घड्याळजी. तिघांकडेही हेच स्पीकर. दंतवैद्यांच्या डाव्या स्पीकरचा आतला कागदी पडदा फाटलाय आणि नवा कुठेच मिळत नाही. त्याच्याबद्दल असं बोलतात, की ऐकणाऱ्याला वाटावं घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलंय. घड्याळजी कमी बोलतात. मान हलवतात, तीही लंबकासारखी मोजून.

एकाच तबकडीची एकच बाजू तीनदा ऐकली. "बघा, बघा — इथे!" "आहाहा!" मी चहा घेऊन गेले. इथे म्हणजे कुठे, ते मला तीस वर्षांत कळलेलं नाही. मला सगळे स्पीकर सारखेच ऐकू येतात. मोठा आवाज आणि बारीक आवाज, एवढंच.

शेवटी मी बोलून गेले, "नवेही लावा शेजारी. डोळे मिटून ओळखा बघू कुठले ते."

ह्यांनी कप खाली ठेवला. मग हे म्हणाले, "दहाच्या दहा ओळखीन."

"आठ ओळखा. टेबल मागे घेते. कमी आले तर हे दोघे जाणार."

"कबूल."

"कबूल?"

"कबूल म्हटलं ना!"

दंतवैद्यांनी टाळी वाजवली. दुसऱ्याचा दात काढायचा म्हटलं की यांना उत्साह!

१५ फेब्रुवारी, रविवार

झाली परीक्षा. नीट लिहून ठेवते.

हॉलमध्ये दोरीवर चादर. तिच्यामागे जुने दोन, नवे दोन. घड्याळजींनी बटणाची एक डबी करून आणली होती. बटण लाल खुणेवर फिरवलं की जुने वाजणार, हिरव्यावर फिरवलं की नवे. दोन्हींचा आवाज सारखा करण्यात त्यांनी अख्खी सकाळ घालवली. पंच मी, कारण मला कशातलंच काही कळत नाही यावर तिघांचं एकमत. कुणाला काही दिसू नये म्हणून मी डबी घेऊन स्वयंपाकघरात, दार लोटलेलं. नाणं उडवायचं, पडेल तसं बटण फिरवायचं, बाहेरून उत्तर आलं की बरोबर किंवा फुली.

आधी दंतवैद्य. प्रत्येक उत्तरासोबत छोटं भाषण. दहापैकी पाच. मग घड्याळजी. प्रत्येक उत्तराला इतका वेळ, की मला वाटलं झोपले. चार.

मग हे.

ह्यांनी वेळ घेतलाच नाही. आवाज सुरू होतो न होतो तोच — "नवे." मी बघितलं, बटण लालवर. फुली. "जुने." बटण हिरव्यावर. फुली. "जुने." फुली. इतक्या खात्रीने कुणी इतकं चुकू शकतं? चौथ्या फुलीला मला हसू येत होतं. सातव्याला मी मनात म्हणायला लागले — अहो, एकदा तरी! दहाव्याला पेन्सिल टेकवेना.

दहाच्या दहा फुल्या. शून्य! नाण्याला विचारलं असतं तरी पाच आले असते.

मी दार उघडलं. हे चादरीसमोर खुर्चीत बसलेले. केस विंचरलेले. नवा शर्ट, आजच्यासाठी घातलेला. शाळेतल्या मुलासारखे हात गुडघ्यांवर. "किती?" विचारलंसुद्धा नाही. नुसते बघत होते, आणि खुशीत होते.

"आठ," मी म्हटलं.

दंतवैद्य ओरडले, घड्याळजींनी चक्क मिठी मारली. कागद माझ्या मुठीत. आता या पानात ठेवलाय.

आयुष्यभर छापखान्यात लोकांच्या चुका शोधल्या. एक आकडा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. आणि आज!

१६ फेब्रुवारी, सोमवार

टेबल गेलं. मी काही दानशूर वगैरे नाही. तोंडातून निघून गेलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

जिंकलेला माणूस असा असतो? तीन दिवस तबकडी लावलेली नाही. आज भाजी चिरत होते, तर शेजारी येऊन उभे राहिले.

"कुठले दोन चुकले?"

"आं?"

"दहातले दोन. कितवे?"

"तिसरा — आणि सातवा."

चिठ्ठीवर लिहून घेतलं! तीन, सात. मग चिठ्ठी समोर ठेवून खुर्चीत बसले. आवाज नाही, काही नाही. 

२० फेब्रुवारी, शुक्रवार

हे कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. मला न सांगता निघाले होते, मी चपला घालून मागे गेले. डॉक्टर म्हणाले, "वयाच्या मानाने उत्तम."

जिना उतरताना हे म्हणाले, "वयाच्या मानाने." पुन्हा रस्त्यावर म्हणाले. घरी कुलूप काढताना पुन्हा.

२२ फेब्रुवारी, रविवार

मंडळ जमलं. चहा व्हायच्या आधीच हे दंतवैद्यांना म्हणाले, "डॉक्टर, ही जोडी तुम्ही न्या. यातला पडदा काढून तुमच्या डाव्याला बसवा. बाकीचं सुट्या भागांना होईल."

सुट्या भागांना! 

"अहो पण आठ आले ना तुमचे?" घड्याळजी. इतकं लांब वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

"मला दहाची खात्री होती. दोन चुकले, त्याचं काही नाही. चुकले ते मला कळलं नाही, त्याचं आहे. ज्याला कळत नाही, त्याने जागा अडवू नये."

दंतवैद्य "छे छे, असं कसं" म्हणाले. तीनदा म्हणाले. चौथ्यांदा म्हणताना वाकून मागचे स्क्रू बघत होते. गुरुवारी गाडी घेऊन येणार.

सगळे गेल्यावर हे मला म्हणाले, "घे तुझी खिडकी."

आता काय सांगू? की आठ खोटे आहेत, खरं शून्य आहे? हा कुठला दिलासा!

२४ फेब्रुवारी, मंगळवार

 

हे कचेरीतल्या जुन्या मित्राकडे गेले होते. म्हटलं, गुरुवारच्या आत तारा तरी गुंडाळून ठेवाव्यात. डबी परीक्षेच्या दिवसापासून फडताळावर तशीच, तारा लावलेल्या. जुन्यांची तार जाड, काळी. नव्यांची बारीक, पांढरी. लाल खुणेची पिन उपसली — हातात पांढरी तार. मी म्हटलं, असं कसं? तार हातातून सोडत सोडत हॉलपर्यंत गेले. गेली ती थेट मुलीने पाठवलेल्या त्या चहाच्या डब्यांएवढ्या स्पीकरांत.

तिथेच फरशीवर बसले.

त्या दिवशी एक गोष्ट लिहिली नव्हती, लिहिण्यासारखी वाटलीच नव्हती. डबी स्वयंपाकघरात नेताना दोन्ही पिना निसटल्या होत्या. हाक मारली असती तर पुन्हा अर्धा तास व्याख्यान! म्हटलं, दोन भोकं, दोन पिना, त्यात काय एवढं? बसवल्या. उलट्या बसवल्या. लालवर नवे वाजत होते, हिरव्यावर जुने.

म्हणजे फुली तिथे बरोबर. दहाही ठिकाणी.

दहाच्या दहा! दहा, दहा, दहा. आणि मी दयाबुद्धीने दहाचे आठ केले. (दंतवैद्यांचे पाच उलटे केले तरी पाचच. त्यांना कशाने फरक पडत नाही.)

हे परत आले. "चेहरा का असा?" म्हणाले. मी म्हटलं, कांदा.

खरं लिहायचं तर — गप्प बसले तर परवा गाडी येते, आणि खिडकी माझी. हा विचार आला. पूर्ण एक संध्याकाळ राहिला. लिहून ठेवते, म्हणजे मला मी फार चांगली वाटायला नको.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सांगितलं. सकाळी, दाढी करताना. अर्ध्या गालाला फेस होता. कागद पुढे केला, पिनांचं सांगितलं, सगळं एका दमात.

ह्यांनी कागदावरच्या फुल्या बोटाने मोजल्या. मला वाटलं, आता रागावणार.

"म्हणजे तुझ्या हिशेबाने मला शून्य होते."

"हो."

"भोपळा."

"हो, म्हटलं ना."

"मग तू आठ का सांगितलेस? टेबल जात होतं तुझं."

मी म्हटलं, "तुम्ही नवा शर्ट घातला होता."

ह्यांनी आरशाकडे तोंड फिरवलं. दुसरा गाल करायला घेतला. वस्तरा एकाच जागी चार वेळा फिरला. मग तसेच, फेसासकट, फोनकडे गेले. "डॉक्टर! दहा! — अहो गाडीचं काय घेऊन बसलात, दहा म्हणतोय मी! — नाही, तुमचे पाचच."

हसता हसता मला खाली बसावं लागलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

दंतवैद्य गाडी घेऊन आलेच. "चला, खात्री करून घ्यावी म्हटलं." चहा पिऊन रिकामे गेले. जाताना उजव्या जावयाला हलकेच थोपटलं. वाईट वाटलं हो.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळपासून हे नकाशाच्या कागदावर ओणवे. दुपारी मला बोलावलं. खिडकीची भिंत. दोन टोकांना दोन जावई. आणि बरोब्बर मधे, उजेडात, टेबल — माझं, खणासकट, मापात.

"मधे काही आलं की आवाज बिघडतो ना?" मी विचारलं. तीस वर्षं ऐकतेय.

"थोडा बिघडेल," हे म्हणाले. "बिघडू दे."

१ मार्च, रविवार

हे हट्टाला पेटले — "एकदा तू बस खुर्चीत. एकदाच." चादर बांधली, स्वतः डबी घेऊन स्वयंपाकघरात. मी डोळे मिटले. म्हटलं, पाचेक येतील, हसू आणि उठू. दहापैकी दहा! ह्यांनी कागद दोनदा तपासला, पिना तीनदा, आणि आता शेजारीपाजारी सगळ्यांना सांगत सुटलेत की कान आमच्या घरात दोघांनाही आहेत.

एक मात्र ह्यांना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. दहाही वेळा मला नवेच जास्त आवडले.