एकशे तेरावी सही

२७ जानेवारी २००८
संताप! दहा लाखांहून कमी पैसे टाकणाऱ्याला म्हणे यापुढे गुंतागुंतीचे फंड विकायचेच नाहीत, असा सरकारी प्रस्ताव आलाय. का? तर आम्हाला ते कळत नाहीत! छत्तीस वर्षं विमा कंपनीत अधिकारी होतो मी. श्रीमंतांनी कमवावं आणि आम्ही पोस्टाच्या व्याजावर कुढत बसावं! आमचे पैसे, आमची अक्कल. जयपूरच्या मराठी मंडळातर्फे आक्षेपपत्र पाठवणार. चिटणीस मीच, तेव्हा लिहिणारही मीच.

३ फेब्रुवारी
वैशाली नगरला मंडळाचं हळदीकुंकू. झाडून सगळे आले होते. पत्र मोठ्यानं वाचलं. ‘या फंडांतली जोखीम आम्हाला पूर्ण समजते’ – या वाक्याला टाळ्या पडल्या! सदाशिवराव तेवढे सही न करता तिळगूळ चघळत बसले. “मोरेश्वर, मला नाही समजत बुवा. तसं लिहून कसं देऊ?” भित्रा माणूस. हयातभर बँकेत नोटा मोजल्या, दुसरं काय होणार.
एकशे बारा सह्या.

५ फेब्रुवारी
एकशे तेरा. सुधावहिनी राहिल्या होत्या. श्रीपाद – माझा ऑफिसातला सोबती – गेल्यापासून त्या हळदीकुंकवाला येत नाहीत. त्यांची सही मीच ठोकून दिली. सभेला माणसं कमी पडली की मंडळाच्या वहीत गैरहजर लोकांच्या सह्या मीच करतो. वर्षानुवर्षं. सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात विचारायचं काय?

१९ जून
प्रस्ताव बारगळला! जिंकलो! पेढे घेऊन सांगानेरला सुधावहिनींच्या खोलीवर गेलो. श्रीपादच्या विम्याचे साडेचार लाख हातात आलेत. मिरजेला बहिणीशेजारी दोन खोल्या घ्यायच्या आहेत, थोडे कमी पडताहेत. म्हटलं, मी आणि मंडळातल्यांनी घातलेत त्याच फंडात टाका, दोन वर्षांत खोल्या आणि वर गॅलरी. “भावजी, तुम्ही म्हणताय ना? मग झालं.”
सदाशिवरावांनाही भरीला घातलं. शेवटी टाकले त्यांनी.

२४ ऑक्टोबर
फंडानं पैसे परत देणं थांबवलंय. जेवलो नाही.

११ नोव्हेंबर
वहिनींच्या साडेचार लाखांचे सत्तर हजार उरलेत. रमानं सहज विचारलं, “पण तो फंड नक्की कशावर चालायचा हो?” सांगायला तोंड उघडलं. बायकोसमोर नुसता आ वासून बसलो. इथे लिहितो – मला तो कधीच समजला नव्हता.

१६ फेब्रुवारी २००९
सदाशिवरावांना मुद्दल परत मिळालं! ‘न समजावता विकला’ ही त्यांची तक्रार मान्य झाली. आमच्या तक्रारींवरच्या उत्तराला कंपनीनं आमचंच आक्षेपपत्र जोडलंय – जोखीम पूर्ण समजते, असं यांनीच लिहून दिलंय म्हणे. वाक्य माझं. टाळ्या मीच घेतल्या होत्या.
पण सुधावहिनी सुटतील. त्यांनी सही केलेलीच नाही. गुरुवारी तक्रार-अधिकाऱ्यापुढे त्यांची सुनावणी. एवढंच सांगायचं, की सही माझी आहे. मिरजेच्या खोल्या होतील.

१८ फेब्रुवारी
पत्राची प्रत आज नीट पाहिली. ‘सौ. सुधा श्रीपाद.’ वहीत लिहायची सवय, तसाच हात चालवला. सौ.! श्रीपादला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
रमा सकाळपासून रडतेय. “खोटी सही! केस करतील तुमच्यावर. पेन्शन जाईल. या वयात कोर्टात उभे राहणार आहात का?” राहीन. उद्या सगळ्यांसमोर सांगणार, ठरलं.
दुपारी रमा एकटीच सांगानेरला जाऊन आली. वहिनींशी काय बोलली, सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

१९ फेब्रुवारी
अधिकाऱ्यानं कागद पुढे सरकवला. वहिनींनी चष्मा लावला. ‘सौ.’वर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग म्हणाल्या, “जी, मेरे ही दस्तखत हैं।”
मी शेजारच्याच खुर्चीत होतो. बसून राहिलो.