नजर वर ठेवून

१० जानेवारी
वरकुट्याच्या शाळेतला माझा चौथा शनिवार. बारावीच्या पोरांची कॉलेज-नोकरीची तयारी करून घ्यायची, हा आमच्या बारामतीच्या कॉलेजचा उपक्रम. आज मुलाखतीचा सराव. रोहिणी खुर्चीत बसली आणि फरशीशीच बोलत राहिली. तीनदा बाहेर पाठवून परत आत यायला लावलं. "नजर वर. विचारलं तर मनातलं सांगायचं." रडकुंडीला आली बिचारी. मी जरा जास्तच खडूस वागते.

२४ जानेवारी
रो. आज फाडफाड बोलली! म्हणे, "आमची डाळिंबं मर रोग लागून गेली. का गेली, ते मला लॅबमदी बघायचंय." अख्ख्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. येताना एसटीत उभीच होते, तरी खुशीत. बी.एस्सी.चा अर्ज तिच्याकडून भरून, सही घेऊन ठेवलाय.

२ मे
निकाल. रो. शाळेत पहिली!! फोन लावला, तिच्या वडिलांनी उचलला. "कामात हाय ती."

५ मे
तिच्या आईचा फोन. "बाई, लय उपकार झालं तुमचं. काल पणदऱ्याचं पाव्हणं आलं हुतं रोहिणीला बघायला. पोरगी नजर वर ठिवून अशी बोलली, जागच्या जागी पसंत केली! तुमीच शिकवलं की."
मी "अभिनंदन" म्हणाले. मग ओट्याशी उभी राहून रडले.

६ मे
वरकुटे. तिच्या वडिलांनी चहा पाजला. "अधिक महिना लागायच्या आत उरकायचं हाय, बाई. पुढं शिकवू म्हणल्यात."
रो. गोठ्याकडं घेऊन गेली. "मी त्यास्नी मुद्दाम सगळं सांगितलं, बाई. लॅबचं, शिकायचं. वाटलं, असली बडबडी पोरगी बघून नको म्हणतील. तर हसलं. हुशार हाय म्हणलं." मग म्हणाली, "गप बसले असते तर?"
एवढी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

१४ मे
लग्न लागलं. मी गेले नाही. साडी मात्र काढून ठेवली होती.

१९ मे
विभागप्रमुखांना अहवालासाठी सरावातला रो.चा फोटो हवाय. मी सापडत नाही म्हणाले. मोबाईलमध्येच आहे.

३० मे
प्रवेशाचा शेवटचा दिवस. कॉलेजच्या ऑफिसबाहेर बाकावर बसून लिहितेय. अर्ज पर्समध्ये; घरच्यांनी हो म्हटलं की द्यायचा. पणदऱ्याहून रोज कॉलेजला यायला अर्धाच तास लागतो.
साडेचारला तिचा फोन आला. "बाई, सासऱ्यांना आत्ता इचारते. फोन ठिऊ नका." मग तिचा आवाज, अगदी सरावातला. "आबा, जरा बोलायचं हाय." टीव्ही बंद झाला. पुढे काहीच ऐकू येईना, मग फोनच कट.
परत लावला. बंद लागतोय.
पाच वाजले. क्लार्क खिडकी लावायला उठलेत. दहा मिनिटं थांबा म्हणाले त्यांना.