भाकरी आता फुगते

परतूर, पौष महिना

प्रिय प्रेमला,

काल सकाळच्या गाडीनं तुझे नरहरदादा तुझ्याकडून आले. फलाटावर उतरले आणि वळकटी खाली ठेवायच्या आधीच म्हणाले, "मार्तंडराव, ताप गेला. बिलकुल गेला. डॉक्टर म्हणतात, होळीच्या आत घरी पाठवतो." मालधक्क्यावर कापसाच्या गाठींची भरणी चालली होती. हमाल काही विचारत होता. मला ऐकूच येईना. मी तिथल्याच एका गाठीवर बसलो, आणि नरहरदादा माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तुला डोंगरावरच्या दवाखान्यात ठेवून आलो त्या दिवसापासून एक धोंडा छातीवर घेऊन हिंडत होतो, तो उतरला. दादांनी तुझा आणखी एक निरोप सांगितला. त्याचं उत्तर याच पत्रात आहे, पण आधी घरचं ऐक. मुलांचं खरंखुरं तुला कोणी कळवलंच नाही. मीसुद्धा नाही.

तू गेलीस तेव्हा स्वयंपाकाला उषाबाई ठेवल्या होत्या, हे तुला ठाऊक आहे. त्या लेकीच्या बाळंतपणाला भोकरदनला गेल्या आणि तिकडच्याच झाल्या. दुसरी बाई पाहू म्हणून मी दोनतीन दिवस मुलांना चुरमुऱ्यांवर आणि शेजारच्या ताटांवर काढायला लावले. एका सकाळी आंघोळ करून येतो तर काय, आपली नीला चुलीपुढं ओणवी बसून फुंकणीनं जाळ करते आहे आणि तिची वेणी पार लाकडांवर लोंबते आहे. मी ओरडलो नाही. वेणी मागं घेतली, तिला उचलून पाटावर बसवलं आणि म्हणालो, "तू फक्त सांग. मी करतो." आठ वर्षांची पोर, पण तुझं सगळं पाहून ठेवलेलं. मीठ कोणत्या डब्यात, पीठ किती, तवा तापला हे पाण्याच्या थेंबावरून कसं ओळखायचं, सगळं तिला ठाऊक.

भाकरीनं मात्र माझी फार परीक्षा पाहिली. नीला शेजारी बसून म्हणायची, "नाना, आई असं करत न्हाई. आई भाकरीला फिरवते. तुम्ही तिला मारून राह्यले." पहिली भाकरी काठवटीतून तव्यावर जाईपर्यंत तिचे तीन तुकडे झाले. दुसरी अख्खी राहिली, पण इतकी कडक की जगूनं ती अंगणात चाकासारखी सोडली. ती उतारावरून गडगडत गेली आणि तुळशीपाशी जाऊन आडवी झाली, तरी मोडली नाही. जगू टाळ्या वाजवत म्हणाला, "नाना, अजून एक करा!" मीही हसलो. तू गेल्यावर घरात कोणी मोठ्यानं हसल्याची ती पहिली वेळ होती. हातांवरचे केस जळाले, स्टेशनवर मंडळी मला 'मार्तंडकाकू' म्हणू लागली. म्हणोत. दिवाळीच्या सुमारास एक भाकरी निखाऱ्यावर टाकली आणि ती अशी टम्म फुगली की नीला आणि मी एकमेकांकडे नुसते पाहत राहिलो. बोलून तिला नजर लागू नये म्हणून दोघंही गप्प!

आता छकुलीचं सांगतो. तेव्हा कळवलं नाही, कारण तिथं पडल्या पडल्या तुझा ताप वाढला असता. तू गेलीस आणि तिनं खाणं सोडलं. अंगावरचं दूध तुटलं, त्यात तू दिसेनाशी झालीस. वाटीभर दूध कसंबसं घ्यायची, बाकी काहीही तोंडाशी नेलं की ओठ घट्ट मिटायची. मऊ भात, मेतकूट, दूधगूळ, कशालाही तोंड उघडीना. रडायचीसुद्धा नाही, आणि तेच मला बघवत नव्हतं. तिच्या हातातल्या बिंदल्या सैल होऊन कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तेव्हा मी त्या काढून ठेवल्या. एक गेली डोंगरावर, एक ही अशी हातातून चालली, असं मनात यायचं. इथल्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, दुखणं काही नाही, पोर आईसाठी झुरते आहे, खाईल तेव्हा खाईल. पण कधी?

त्या दिवशी थंडी होती म्हणून वरणफळं करायला घेतली. तुरीचं वरण चिंचगूळ घालून चुलीवर उकळत ठेवलं आणि कणकेची पोळी लाटून कापायला बसलो. जगूला शंकरपाळ्यांसारखे तुकडे पसंत पडेनात. स्टेशनवरच वाढलेलं पोर ते! त्यानं कणकेची मालगाडी करायला घेतली. चौकोनी डबे, पुढं इंजिन, इंजिनाला वर धुराडं. छकुली कोपऱ्यात बसून होती. ती रांगत आली, इंजिनावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "कूऽऽ." तो शब्द आम्ही कितीतरी दिवसांनी ऐकत होतो. मी ती सगळी गाडी वरणात सोडली, पण पळीनं ढवळलं तसे डबे कोणते अन् इंजिन कोणतं काही ओळखू येईना. छकुली वाटी पुढं करून बसलेली. आता इंजिन दिसलं नाही तर ओठ पुन्हा मिटणार. तेवढ्यात नीलानं माझ्या हातातली पळी घेतली, हाती आलेला पहिला तुकडा तिच्या वाटीत टाकला आणि म्हणाली, "हे बघ इंजिन. धुराडं आतून आलंय." छकुलीनं त्यावर फुंकर मारली आणि खाल्लं. मग म्हणाली, "डबा." आम्ही डबा दिला. "डबा." पुन्हा दिला. वरून तूप ओघळून कोपरापर्यंत गेलं होतं, जगू दर घासाला शिट्टी वाजवत होता. मी पाणी आणतो म्हणून आडावर गेलो आणि तोंड धुऊन आलो.

त्यानंतर ती खात गेली. आता तर भाकरीच्या पापुद्र्यासाठी जगूशी भांडते. बिंदल्या परत घातल्या आहेत, त्या आता काढू म्हटलं तरी निघत नाहीत. पहाटे मी चूल पेटवली की तिघंही एका गोधडीत गुरफटून पुढ्यात येऊन बसतात. भाकरी होईपर्यंत शेकत बसायचं, पहिली कोणाची यावर वाद घालायचा. आमचं ठीक चाललं आहे, प्रेमला.

काल दादांसाठी कुळथाचे शेंगोळे केले. ते जेवले, पुन्हा मागून घेतले, पण मुलांकडे पाहताना त्यांचा घास मधेच थांबायचा. हात धुताना त्यांनी तुझा निरोप सांगितला. डॉक्टरांनी तुला बजावलं आहे की पुढं चुलीजवळ जायचं नाही, धूर छातीत घ्यायचा नाही, जड काम करायचं नाही. आणि तू दादांना म्हणालीस, "जी बाई चुलीजवळ बसू शकत न्हाई ती घरात कशाला? मी माहेरी राहीन. मामांची लेक गोपिका धडधाकट आहे, यांनी तिच्याशी लग्न करावं, पोरांची आबाळ होऊ नये." सांगताना दादांना रडू आवरेना, आणि मला आधी तुझा राग आला, मग एकदम हायसं वाटलं. तुझ्या मनातली भीती एवढीच असेल तर तिचा बंदोबस्त मी आधीच करून बसलो आहे, तुला न विचारता. एवढं लांबलचक पत्र बढाई मारायला लिहिलं नाही. या घरातली चूल आता माझी आहे आणि ती मी कोणालाही देणार नाही, मामांच्या गोपिकेला नाही आणि तुलाही नाही, हे तुला कळावं म्हणून लिहिलं. गोपिकेला चांगलं स्थळ पाहू, मी स्वतः पाहीन. पण मुलांना धडधाकट बाई नको आहे, त्यांना तू हवी आहेस, आणि मलाही. माजघरातल्या खिडकीपाशी, धुरापासून दूर, तुझा पलंग लावून ठेवला आहे. तिथं बसायचं, उन्हं अंगावर घ्यायची, आणि माझ्या आमटीला नावं ठेवायची. एवढं काम तुला झेपेल. माहेरी जायचं बिलकुल मनात आणू नकोस. मी रजेची रुखसत टाकली आहे, तुला आणायला मीच येतो.

तुझाच,
मार्तंड