खोडव्याचं वय

१० जाने. ७२, राहुरी
ऊसतोडणीची पहिली यादी पुण्याच्या कॉम्प्युटरवर छापून आली. प्रोग्राम माझा! ज्याची लागण आधी, त्याची तोडणी आधी. सोपं. कारखान्याचे शेतकी अधिकारी, आमचे साहेब, पानं उलटून उलटून बघत होते. आज फार भाव खाल्ला मी.

१२ जाने.
बाबूराव म्हणून एक शेतकरी तावातावानं ऑफिसात. "ताई, माझा खोडवा लई कवळा हाय. यादीत पयला कसा?" सायकलवर जाऊन पाहिलं. कांडं चघळलं. पाणचट.
लागण जुनी, खरं. पण तो ऊस एप्रिलात तोडला, आणि हा त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटलेला. याचं वय मागच्या तोडणीपासून धरतात. मी लागणीपासून धरलं. कुणी सांगितलं नाही, कारण इथं हे कुणाला सांगावंच लागत नाही. पण विचारायचं काम माझं होतं. लाज वाटली. रागही आला, स्वतःचाच.

१३ जाने.
साहेब म्हणतात, "बाबूरावांचं नाव तेवढं यादीच्या तळाला घाला की. झालं." आणि बाकीचे खोडवे? नियमच चुकलाय. भांडले. शेवटी आठवडाभर खोडव्याला कोयता न लावण्याचं कबूल केलं त्यांनी, तोंड वाकडं करून.

१५ जाने.
मशीनला प्रत्येक प्लॉटचं एक भोकांचं कार्ड लागतं; खोडव्यांच्या कार्डांवर मागच्या तोडणीची तारीख पंच करून घेतली. प्रोग्राम सुधारला. काही प्लॉटांची वयं हातानं काढून पाहिली, जुळली. कार्डांची पेटी सुतळीनं बांधून एस.टी.नं पुण्याला. वाटेत सुतळी सुटून कार्डं विस्कटली तर... नको तो विचार.

२० जाने.
नवी यादी, पेटीही परत. बाबूराव पुन्हा पहिले! डोकंच फिरलं. त्यांचं कार्ड काढलं, तर तारीख पंचच झालेली नाही. रिकामा रकाना मशीन शून्य वाचतं, आणि शून्य म्हणजे सगळ्यांत जुनं. मी भरलेली कार्डंच तपासली. रिकाम्याचं काय होईल, हे डोक्यातच आलं नाही.
साहेब बाहेरगावी. आठवडा संपला, म्हणून यादी बघून तोडणीची टोळी सकाळीच बाबूरावांच्या शेताकडे निघालेली. पोचले तेव्हा पहिली सरी आडवी. बांधावरूनच ओरडले. मुकादम कोयता खाली ठेवून म्हणाला, "थांबतो बाई. पर ऊस पोचला न्हाई तर कारखान्याचं गाळप बंद पडंल. नाव कुनाचं सांगू?"
"माझं."
आता पेटी उघडून बसलेय. आणखी किती कार्डं रिकामी, देव जाणे. खिडकीतून कारखान्याचं धुराडं दिसतं. अजून धूर आहे.